‘एएफबी पॉझिटिव्ह’ अहवाल आल्यावर काय करावे: प्रतिकारशक्ती कमी असलेल्या रुग्णांसाठी व त्यांच्या घरच्यांसाठी

मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेले, संधिवातासाठी बायोलॉजिक इंजेक्शने घेणारे, रक्ताच्या कर्करोगावर केमोथेरपी चालू असलेले, सीडी४ पेशी (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी) खूप कमी असलेले एचआयव्हीबाधित किंवा महिनोन्‌महिने स्टेरॉइड खाणारे असे रुग्ण आज नागपुरातल्या बहुतेक वस्त्यांत आढळतात. अशा रुग्णाच्या थुंकीत, गाठीत किंवा पुवात ‘एएफबी’ (आम्लस्थायी जंतू) दिसल्याचा अहवाल येतो आणि घरात त्याच दिवशी ‘टीबी निघाला’ असे ठरून जाते. आपल्या देशात टीबी इतका आहे की बहुतेक वेळा हा तर्क बरोबरही ठरतो. तथापि प्रतिकारशक्ती दबलेल्या शरीरात हेच लाल दांडीसारखे जंतू टीबीचे नसण्याची शक्यता इतरांपेक्षा अधिक असते, आणि तसे असेल तर औषधे, उपचारांचा कालावधी आणि घ्यायची काळजी हे सारे बदलते. म्हणून अहवाल हाती पडल्यापासून जंतूच्या प्रजातीचे नाव कळेपर्यंत रुग्णाने व घरच्यांनी काय करावे, काय विचारावे आणि कशाची घाई करू नये, हे येथे क्रमाने सांगितले आहे. औषधांच्या मात्रा मुद्दाम दिलेल्या नाहीत. त्या उपचार करणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवायच्या असतात.

अहवाल नेमके काय सांगतो

रॉबर्ट कॉख यांनी 1882 मध्ये क्षयाचा जंतू दाखवला आणि त्यानंतरच्या काही वर्षांत रूढ झालेली झील-नील्सन रंगपद्धती आजही वापरात आहे. काचपट्टीवरील नमुन्याला लाल रंग देऊन तो आम्लाने धुतला जातो. मायकोलिक आम्लाच्या मेणचट भिंतीमुळे ज्यांचा रंग उतरत नाही, ते आम्लस्थायी जंतू, म्हणजेच एएफबी. ही भिंत मायकोबॅक्टेरियाच्या साऱ्या कुळाला असते आणि त्या कुळात 190 हून अधिक प्रजाती आहेत. तेव्हा सूक्ष्मदर्शकाखालची ही ओळख केवळ आडनावापुरती असते. नाव अजून कळायचे असते.

या कुळातले दोन जंतू विदर्भाला पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहेत. एक क्षयाचा आणि दुसरा कुष्ठरोगाचा. वर्ध्याजवळचे दत्तपूर आणि वरोऱ्याचे आनंदवन ही कुष्ठसेवेची केंद्रे ज्या आजारामुळे उभी राहिली, तो कुष्ठरोग अजूनही पूर्णपणे गेलेला नाही. त्यामुळे त्वचेच्या नमुन्यात एएफबी दिसले आणि त्या जागी बधिरता असेल, तर कुष्ठरोगाचा विचार आधी व्हायला हवा. कुष्ठरोगाचा जंतू प्रयोगशाळेतल्या माध्यमावर वाढतच नाही, त्यामुळे कल्चर (जंतू वाढवून पाहण्याची तपासणी) निगेटिव्ह आले म्हणून तो नाकारता येत नाही.

उरलेल्या बहुतेक प्रजाती माती, तळी, नळाचे पाणी आणि पाइपांच्या आत धरणारा बुळबुळीत थर यांत राहतात. क्लोरिन त्यांना सहज मारू शकत नाही. त्यांना एकत्रितपणे नॉन-ट्युबरक्युलस मायकोबॅक्टेरिया, थोडक्यात एनटीएम, असे म्हणतात. धडधाकट माणसाचा त्यांच्याशी रोजच संबंध येतो आणि बहुधा काहीही होत नाही.

कोणत्या रुग्णात कशाची शंका घ्यावी

एचआयव्हीमध्ये सीडी४ पेशी 50 च्या खाली गेल्या की मायकोबॅक्टेरियम एव्हियम संकुलाचा, म्हणजे ‘मॅक’चा, संसर्ग रक्तावाटे सर्व शरीरात पसरू शकतो. अशा वेळी छातीचा एक्स-रे जवळजवळ स्वच्छ असू शकतो. आठवडेच्या आठवडे टिकणारा ताप, रात्रीचा घाम, वजन घटणे, जुलाब, पोटातल्या गाठी, वाढलेले यकृत व प्लीहा, झपाट्याने उतरणारे हिमोग्लोबिन आणि रक्तात वाढलेले अल्कलाइन फॉस्फटेज असे चित्र दिसते. छातीत काही नाही म्हणून समाधान मानून घरी परतणे अशा रुग्णासाठी धोक्याचे आहे.

प्रत्यारोपण झालेल्या आणि दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्या रुग्णांत मात्र आजार पुष्कळदा त्वचेवरून आणि सांध्यांतून कळतो. हातापायांवर उठणाऱ्या, फारशा न दुखणाऱ्या, हळूहळू फुटणाऱ्या गाठी, बोटाच्या स्नायुबंधाची सूज, नेहमीच्या प्रतिजैविकांना दाद न देणारी जखम अशी ती लक्षणे असतात. येथे चेलोनी, ॲब्सेसस, फॉर्च्युइटम, मरिनम आणि हिमोफिलम या प्रजातींचा विचार करावा लागतो. हिमोफिलमला वाढण्यासाठी माध्यमात लोहयुक्त हिमिन लागते आणि तापमान शरीरापेक्षा कमी, सुमारे 30 ते 32 अंश, ठेवावे लागते. प्रयोगशाळेला ही शंका कळवली नाही, तर नमुना नेहमीच्या माध्यमावर नेहमीच्या तापमानाला ठेवला जातो, काहीच वाढत नाही आणि ‘कल्चर निगेटिव्ह’ असा अहवाल येतो.

केमोथेरपीसाठी छातीत बसवलेला पोर्ट किंवा लांब कॅथेटर असलेल्या रुग्णाला औषध चढवल्यावर थंडी वाजून ताप येत असेल, तर झपाट्याने वाढणाऱ्या एनटीएमचाही विचार करावा. हे जंतू त्या नळीच्या पृष्ठभागाला थर करून चिकटतात, त्यामुळे नळी न काढता केवळ औषधांनी ते बहुधा जात नाहीत. ‘पोर्ट महाग आहे, तो वाचवा’ हा आग्रह अशा वेळी न धरणेच शहाणपणाचे.

इन्फ्लिक्सिमॅब, ॲडालिमुमॅब यांसारखी टीएनएफ (शरीरातला दाह वाढवणारे प्रथिन) रोखणारी इंजेक्शने टीबीचाही धोका वाढवतात आणि एनटीएमचाही. ती सुरू करण्यापूर्वी होणारी मँटू चाचणी (टीबीच्या संपर्कासाठी त्वचेत टोचून केलेली) एनटीएमच्या पूर्वसंपर्काने किंवा बीसीजीमुळेही थोडीफार उमटू शकते. रक्तावरची इग्रा चाचणी बीसीजीने व बहुसंख्य एनटीएमने फसत नाही, परंतु कॅन्सासी आणि मरिनम या प्रजाती तिलाही पॉझिटिव्ह करू शकतात.

आणखी एक गट सहज नजरेआड होतो. एचआयव्ही नाही, मधुमेह नाही, कर्करोग नाही, तरी प्रौढ वयात मानेतल्या व काखेतल्या गाठींत, हाडांत, त्वचेत एनटीएम पसरलेला, अशा रुग्णाच्या रक्तात इंटरफेरॉन-गॅमाला (जंतूंशी लढायला लागणाऱ्या प्रथिनाला) निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे असू शकतात. असे रुग्ण प्रामुख्याने पूर्व व आग्नेय आशियातून नोंदले गेले आहेत. ‘प्रतिकारशक्ती चांगली आहे’ हे विधान केवळ एचआयव्ही निगेटिव्ह असण्यावर आधारलेले असेल, तर ते अपुरे समजावे.

औषध सुरू होण्याआधी नमुना

या साऱ्या प्रवासात रुग्णाच्या घरच्यांच्या हातात सर्वाधिक काही असेल, तर ते नमुना नीट पोहोचवणे हे आहे.

गाठ किंवा त्वचेचा तुकडा काढला जातो तेव्हा सवयीने तो सगळाच्या सगळा फॉर्मालिनच्या बाटलीत टाकला जातो आणि पॅथॉलॉजीकडे जातो. फॉर्मालिनमध्ये जंतू मरतात. ‘ग्रॅन्युलोमा (दाहपेशींचा पुंजका) दिसला, टीबीशी सुसंगत’ असा अहवाल येतो, आणि मग कल्चर करायचे म्हटले तर करायला काही उरलेले नसते. म्हणून शस्त्रक्रियेच्या आधीच डॉक्टरांना स्पष्टपणे विचारावे की तुकड्याचा एक भाग निर्जंतुक सलाइनमध्ये घालून कल्चरसाठी वेगळा पाठवणार ना. असे विचारणे म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास दाखवणे नव्हे. गर्दीच्या शस्त्रक्रियागृहात बाटली आयत्या वेळी हाताशी नसणे ही रोजची गोष्ट आहे. पू असेल तर कापसाच्या काडीवर टिपण्यापेक्षा सिरिंजमध्ये ओढून पाठवलेला पू कितीतरी उपयोगाचा ठरतो.

थुंकीचा नमुना सकाळी उठल्यावरचा, खोल खोकून काढलेला आणि वेगवेगळ्या दिवसांचा असावा. नमुन्याच्या आधी तोंड धुताना नळाचे पाणी वापरू नये, कारण त्या पाण्यातलेच एनटीएम डबीत उतरू शकतात. उकळून गार केलेले पाणी त्यासाठी घ्यावे. डबी प्रयोगशाळेने दिलेलीच वापरावी, घरातली धुतलेली बाटली नव्हे.

सर्व शरीरात संसर्ग पसरल्याची शंका असेल, तर मायकोबॅक्टेरियासाठीच्या खास बाटलीत रक्त पाठवावे लागते. नेहमीची रक्ताची कल्चर बाटली साधारण पाच दिवस ठेवली जाते; तेवढ्या वेळात मॅकसारखा संथ जंतू वाढून दिसत नाही. अस्थिमज्जेची तपासणी होणार असेल तर तिचाही थोडा भाग कल्चरला जावा. प्रयोगशाळेच्या अर्जावर रुग्णाचे प्रत्यारोपण, केमोथेरपी, घेत असलेली औषधे आणि ‘एनटीएमची शंका’ हे शब्द लिहिलेले आहेत की नाहीत, हे अर्ज खिडकीवर देण्यापूर्वी एकदा वाचून पाहावे.

निकालांची सांगड कशी घालावी

सरकारी क्षयरोग कार्यक्रमात सीबीनॅट किंवा ट्रूनॅट तपासणी मोफत होते आणि काही तासांत निकाल मिळतो. ही तपासणी क्षयजंतूंच्या गटाचाच जनुकीय भाग शोधते, एनटीएमचा नाही. सूक्ष्मदर्शकाखाली एएफबी भरपूर दिसतात आणि त्याच नमुन्यावर सीबीनॅट मात्र ‘क्षयजंतू आढळला नाही’ असे म्हणते, अशी विसंगती आली तर ती एनटीएमची सर्वांत मोठी खूण समजावी आणि कल्चरचा आग्रह धरावा. एएफबीही नाहीत आणि सीबीनॅटही निगेटिव्ह, यावरून मात्र कोणताच निष्कर्ष काढता येत नाही. नमुन्यात जंतू थोडे असतील तर दोन्ही तपासण्या हुकू शकतात.

द्रव माध्यमातले कल्चर निगेटिव्ह ठरवण्यापूर्वी 42 दिवस वाट पाहिली जाते. पॉझिटिव्ह निकाल त्याआधीही येऊ शकतो. ॲब्सेसस, चेलोनी व फॉर्च्युइटम हे घन माध्यमावर आठवड्याभरात दिसू लागतात. कल्चर वाढल्यावर एमपीटी64 प्रतिजनाची छोटी पट्टी लावून तो क्षयाचा गट आहे की नाही हे कळते. ‘एनटीएम वाढला’ एवढ्यावरच अहवाल थांबला, तर तेथे थांबू नये. कोणती प्रजाती हे कळण्यासाठी लाइन प्रोब, माल्डी-टॉफ किंवा जनुकक्रम तपासणी लागते. नागपुरात मेडिकल व मेयो ही सरकारी रुग्णालये आणि मिहानमधील एम्स येथील सूक्ष्मजीवशास्त्र विभाग आणि क्षयरोग कार्यक्रमाची राज्यस्तरीय संदर्भ प्रयोगशाळा आहे. यांपैकी कोठे कोणती तपासणी सध्या चालू आहे हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांकरवीच विचारून घ्यावे, कारण कीटच्या उपलब्धतेनुसार ते बदलते. खाजगी प्रयोगशाळा असे नमुने पुष्कळदा बाहेरगावी पाठवतात. वाढलेले कल्चर फेकून न देता जपून ठेवण्याची विनंती त्याच वेळी केलेली बरी.

एनटीएम वाढला म्हणजे आजार झालाच, असेही नाही. थुंकीतला एखादा एकटा पॉझिटिव्ह निकाल नळाच्या पाण्याचा असू शकतो. फुप्फुसाच्या आजाराचे निदान करताना लक्षणे, सीटी स्कॅनमधील बदल आणि किमान दोन वेगळ्या थुंकींत तीच प्रजाती, किंवा ब्रॉन्कोस्कोपीने (श्वासनलिकेत दुर्बीण घालून) घेतलेल्या धुवणात एकदा, असे निकष एकत्र पाहिले जातात. याउलट रक्त, अस्थिमज्जा, गाठ किंवा बंद जागेतला पू यांत एकदाच वाढलेला एनटीएमही गांभीर्यानेच घ्यायचा असतो.

सहा आठवडे हातावर हात धरून बसायचे का, हा प्रश्न साहजिक आहे. रुग्ण गंभीर असेल तर डॉक्टर टीबीची औषधे लगेच सुरू करतात आणि आपल्याकडे ते योग्यच आहे; अट एवढीच की नमुना आधी गेलेला असावा. येथे एक फसगत लक्षात ठेवावी. टीबीच्या नेहमीच्या औषधांतील रिफॅम्पिसिन व इथॅम्ब्युटॉल यांना कॅन्सासीसारखी प्रजाती चांगली दाद देते. त्यामुळे ‘टीबीच्या गोळ्यांनी बरे वाटले, म्हणजे टीबीच होता’ हे अनुमान पुरेसे नाही. ॲब्सेससवर मात्र या गोळ्यांचा काहीच परिणाम होत नाही, आणि तेव्हा रुग्णाला ‘औषधाला न जुमानणारा टीबी’ असल्याचे समजून आणखी कडक औषधांकडे ढकलले जाऊ शकते. दोन महिने औषधे नियमित घेऊनही सुधारणा नसेल, तर मात्रा वाढवण्याची चर्चा करण्यापूर्वी प्रजातीची चौकशी करावी.

उपचार सुरू झाल्यावर

मॅकसाठी ॲझिथ्रोमायसिन किंवा क्लॅरिथ्रोमायसिन, इथॅम्ब्युटॉल आणि रिफॅम्पिसिन गटातले औषध असा मेळ सामान्यतः वापरला जातो. फुप्फुसाच्या आजारात थुंकीचे कल्चर निगेटिव्ह झाल्यानंतरही आणखी 12 महिने औषधे चालू ठेवावी लागतात. ॲझिथ्रोमायसिन हे औषध आपल्याकडे सर्दी-खोकल्यालाही सर्रास दिले जाते. एनटीएमची शंका असलेल्या रुग्णाने ते एकटे कधीही घेऊ नये, कारण त्यातून जंतूला त्याच औषधाचा प्रतिरोध येतो आणि मुख्य हत्यारच बोथट होते. ॲब्सेससच्या काही उपप्रकारांत हा प्रतिरोध जनुकातच दडलेला असतो आणि संवेदनशीलता चाचणी (कोणते औषध जंतूवर चालते हे पाहणारी) 14 दिवस ठेवली तरच तो उघड होतो.

प्रत्यारोपण झालेल्यांनी एक गोष्ट अगदी काटेकोरपणे पाळावी. रिफॅम्पिसिन हे टॅक्रोलिमस व सायक्लोस्पोरिनची रक्तातली पातळी खाली आणते आणि क्लॅरिथ्रोमायसिन ती वर नेते. पहिल्या बाबतीत शरीर मूत्रपिंड नाकारू शकते, दुसऱ्यात औषधच मूत्रपिंडाला अपाय करू शकते. म्हणून यांपैकी काहीही सुरू होताना, बंद होताना किंवा बदलताना प्रत्यारोपणाच्या डॉक्टरांना त्याच दिवशी कळवावे आणि पातळीची तपासणी करून घ्यावी. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे थोडी कमी करता येतील का, हा प्रश्न जरूर विचारावा, परंतु ती स्वतःहून कमी करू नयेत.

इथॅम्ब्युटॉल चालू असताना लाल-हिरवा रंग फिका दिसू लागला किंवा वाचताना अक्षरे धूसर झाली, तर पुढच्या भेटीची वाट पाहू नये. ॲमिकासिनने कानात आवाज येणे किंवा तोल जाणे, लिनेझोलिडने पायांना मुंग्या येणे, रिफाब्युटिनने डोळा लाल होऊन दुखणे, हेही तसेच तातडीचे समजावे. क्लोफॅझिमिनने त्वचा काळपट-तांबूस होते. ते दिसायला त्रासदायक असले तरी औषध बंद झाल्यावर हळूहळू ओसरते.

एचआयव्हीच्या रुग्णात एआरटी (एचआयव्हीवरची औषधे) सुरू झाल्यानंतर काही आठवड्यांत दबलेल्या गाठी अचानक फुगतात आणि ताप उलटतो. परतणारी प्रतिकारशक्ती जंतूंवर तुटून पडल्यामुळे असे होऊ शकते. डॉक्टरांना लगेच दाखवावे, पण एआरटी आपल्या मनाने थांबवू नये.

घरात

एनटीएम सहसा माणसाकडून माणसाला होत नाही. टीबी नाही हे पक्के होईपर्यंत रुग्णाने मास्क वापरावा आणि खोली हवेशीर ठेवावी. त्यानंतर भांडी वेगळी ठेवणे, नातवंडांना दूर ठेवणे याची काहीही गरज नाही. टीबी नाही हे ठरल्यावर निक्षय या सरकारी क्षयरोग-नोंदणी पोर्टलवरची नोंद दुरुस्त झाली आहे का, हेही पाहावे, नाहीतर क्षयरोग कार्यक्रमाचे फोन येत राहतात आणि शेजारीपाजारी कळते ते वेगळेच.

पाण्यापासून पूर्ण सुटका शक्य नाही, तशी गरजही नाही. शॉवरच्या तुषारांपेक्षा बादली-मगाची आंघोळ अधिक सुरक्षित, कारण बारीक थेंब श्वासात कमी जातात. प्रतिकारशक्ती फारच कमी असलेल्यांनी उकळून गार केलेले पाणी प्यावे. पोर्ट किंवा कॅथेटर असलेल्यांनी आंघोळीच्या वेळी ती जागा जलरोधक पट्टीने पूर्ण झाकावी. उन्हाळ्यात कूलरशिवाय नागपूरकराला झोप लागत नाही, तो बंद करा असे सांगणे व्यवहार्य नाही. टाकीतले पाणी वरचेवर बदलावे, टाकी घासून सुकवावी, वाळ्याच्या किंवा लाकडी भुश्याच्या टट्ट्या दर हंगामात नव्या घालाव्यात, आणि ही सफाई रुग्णाने स्वतः करू नये. लग्नाच्या मांडवातील फवारा मारणाऱ्या पंख्यांपासून मात्र लांब बसावे. कुंडीतली माती उकरताना हातमोजे व मास्क, माशांची टाकी साफ करताना हातमोजे, आणि पायाला जखम असेल तर विसर्जनाच्या पाण्यात न उतरणे, एवढे पुरे.

बीसीजीची लस

बीसीजी ही जिवंत लस आहे आणि आपल्याकडे ती जन्मल्याबरोबर, प्रसूतिगृहातच टोचली जाते. जन्मजात गंभीर प्रतिकारशक्तिदोष असलेल्या बाळात या लशीतलाच जंतू सर्व शरीरात पसरू शकतो. काखेत वाढत जाणारी गाठ, न भरणारी टोचल्याची जागा आणि वजन न वाढणे ही त्याची सुरुवात असते. या जंतूवर पायराझिनामाइड चालत नाही, हे उपचार करताना महत्त्वाचे ठरते. घरात आधीचे मूल लहान वयात वारंवार संसर्ग होऊन दगावले असेल, तर पुढच्या बाळाची तपासणी होईपर्यंत बीसीजी थांबवण्याविषयी बालरोगतज्ज्ञांशी आधीच बोलावे. तसेच आईने गरोदरपणात इन्फ्लिक्सिमॅबसारखी इंजेक्शने घेतली असतील, तर ते औषध वारेतून बाळापर्यंत जाते आणि काही महिने त्याच्या रक्तात राहते. अशा बाळांना बीसीजी किमान सहा महिने लांबणीवर टाकण्याचा सल्ला दिला जातो. लस टोचणाऱ्या परिचारिकेला यातले काही ठाऊक असण्याचे कारण नसते. त्यामुळे प्रसूतीच्या तारखेच्या बऱ्याच आधी ही गोष्ट डॉक्टरांकडून फाइलच्या पहिल्या पानावर ठळक लिहून घ्यावी आणि प्रसूतीच्या वेळी हजर असणाऱ्या आजीला, मावशीला किंवा नवऱ्यालाही ती सांगून ठेवावी.